पाणी कोणी सोडलं

माझ्या ताराचंदमामाला जगात काही आपोआप होतं हे मान्यच नव्हतं. गावातली लाइट गेली की तो म्हणायचा, "कोनीतरी बंद केलन." धानाचा भाव पडला, तरी तेच. त्याच्या लेखी प्रत्येक गोष्टीला कुठेतरी एक चाक असतं आणि त्या चाकाशी एक माणूस बसलेला असतो. त्याच्याशी वाद घालून मी अनेकदा डोकं फोडून घेतलं आहे. पण यात त्याचा दोष तरी काय? तो स्वतःच तसा चाकाशी बसलेला माणूस होता.

गोंदिया जिल्ह्यातल्या चोरखमाऱ्याच्या तलावावर तो चौकीदार. तलावाचं गेट उघडायचं, बंद करायचं, नहरात, म्हणजे कालव्यात, पाणी सोडायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. लोखंडी चाक फिरवून त्याच्या तळहातांची कातडी बैलाच्या खांद्यासारखी झाली होती. बुटका माणूस, अंगात बारा महिने खाकी स्वेटर, आणि बोलणं असं की पाहुण्याला वाटावं भांडतोय. खालच्या गावांमधले मोठमोठे शेतकरी त्याला 'ताराचंदभाऊ' म्हणून हाक मारायचे, कारण त्यानं चाक फिरवल्याशिवाय त्यांच्या धानाच्या बांधीत थेंब जात नसे. त्याच्या बापाला त्याच लोकांनी कधी अंगणातही बसू दिलं नव्हतं. छप्पन साली धम्म घेतलेल्या त्या बापाचं नाव सांगताना मामा ताठ व्हायचा.

आईचं माहेर म्हणून उन्हाळाभर मी तिथेच असायचो. मामाचा अश्विन माझ्याहून लहान. दुपारी आम्ही दोघं कोरड्या नहरात, पुलाखालच्या सावलीत, थंड फरशीवर पडून राहायचो. लीलामामी पाळीवरून, तलावाच्या बांधावरून, ओरडायची, "नहरात झोपू नोका रे पोरंहो! पानी आलं तर?" आणि मामा तिच्यावर खेकसायचा, "कायले बोंबलून राहिली? म्या चाक फिरवल्याशिवाय पानी येत नाही. झोपू दे पोराईले."

आम्ही निर्धास्त झोपायचो. बापाच्या हातात पाणी असल्यावर पोराला कसली भीती? अश्विन तर पुढे तलावात माशासारखा पोहायला लागला. एका काठावरून शिरायचा, थेट पलीकडच्या काठाला निघायचा.

तोच अश्विन मुंबईला बुडून मेला.

आयटीआय करून तो तिकडे गेला होता. शेजारच्या गावचा शालीकराम नौदलाच्या गोदीत ठेकेदाराकडे रंगकामाला होता, त्यानं याला नेलं. जहाजांच्या पोटाचा जुना रंग खरवडायचा आणि नवा लावायचा, असं काम. जाऊन महिनाही झाला नव्हता. सुट्टीच्या दिवशी समुद्रावर गेला आणि परत आला नाही. दुसऱ्या दिवशी कोळ्यांना सापडला.

गाडीतून देह गावात आला तेव्हा मी तिथे होतो. लोक रडले आणि मग कुजबुजायला लागले. तलाव ओलांडणारं पोरगं बुडतं कसं? बुडत नाही, बुडवून घेतं! त्याच महिन्यात त्याची दवनीवाड्याची सोयरीक मोडली होती. मुलगी मोनाली, केवळराम शहाऱ्याची. गावानं या दोन गोष्टींची गाठ मारली, आणि मामाला तर चाकाशी बसलेला माणूस हवाच होता. मोनाली बापासोबत शेवटचं दर्शन घ्यायला आली, तर मामा सगळ्या गावासमोर गरजला, "हिनंच मारलन माह्या पोराले. हाकला इले!" पोरगी तशीच मागं फिरली. मला तेव्हा तोंड उघडायला हवं होतं असं आज वाटतं, पण तेव्हा मलाही ते खरंच वाटत होतं.

पुढची दोन वर्षं मामा कुणाशी धड बोलला नाही. आतून मात्र त्याला एकच प्रश्न कुरतडत होता. पोरगा बुडाला की त्यानं जीव दिला? रात्री जेवता जेवता मध्येच हात थांबवून तो मला विचारायचा, "विवेक, पोहनारा मानूस बुडते का गा?" मी काय सांगणार? माझं गोंदियाजवळ कुडव्यात मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान. समुद्र मी फक्त कॅलेंडरवर पाहिलेला.

दोन हजार नऊच्या डिसेंबरात, सहा डिसेंबरला मुंबईला जाणाऱ्या गावकऱ्यांसोबत मामा निघाला आणि मलाही ओढून घेऊन गेला. दुकान बंद ठेवायचं, डब्यात पाय ठेवायला जागा नाही, वर मामाची किरकिर! मी नागपूरपर्यंत नुसता फणफणत होतो. मामानं मांडीवरची पिशवी एकदाही खाली ठेवली नाही. तिच्यात मामीनं दिलेला नव्या धानाचा चिवडा होता. अश्विनला तो आवडायचा. कुणासाठी न्यायचा, हे मामीला कुणी विचारलं नाही.

नौदलाचा सप्ताह होता आणि शालीकरामनं सांगितलं होतं, या दिवसांत गोदीत लोकांना सोडतात, जहाजं बघू देतात. पाच तारखेला आम्ही रांगेत लागलो. जुन्या दगडी भिंती, वर तारा, फाटकावर बंदूकधारी. मोबाइल काढून घेतले. आत शाळेची पोरं खिदळत होती, बायाबापड्या राखाडी जहाजांसमोर उभ्या राहून फोटोवाल्याला शोधत होत्या. मला, खोटं कशाला बोलू, भारी वाटलं. एवढं लोखंड पाण्यावर तरंगतं कसं, म्हणून मी मान वर करून बघत राहिलो.

मामानं तोफांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वाटेत एके ठिकाणी साखळीपलीकडे जमिनीत खोल खड्डा दिसला. शेदोनशे वर्षांपूर्वी बांधलेला, काळ्या दगडाचे टप्पे उतरत गेलेले, आणि तळाशी कोरड्यात एक जहाज टेकूंवर उभं. माणसं त्याच्या पोटाला चिकटून रंग खरवडत होती. मामा साखळीला धरून थांबला. इथेच कुठेतरी अश्विननं हात चालवला होता.

"जहाज अंदर कैसे आता है?" मामानं तिथल्या तरुण नौसैनिकाला विचारलं. गोंदियाच्या माणसाला हिंदी शिकवावी लागत नाही.

तो हसून म्हणाला, "वो गेट देख रहे हो, बाबा? पानी छोड़ते हैं, जहाज अंदर आता है. फिर गेट बंद, और पानी बाहर."

मामाचा चेहरा दोन वर्षांत पहिल्यांदा उजळला. "पाहा! इथं बी गेटच आहे," तो मला म्हणाला. "समुद्राचं पानी झालं म्हनून काय झालं? मानूस सोडते तवाच येते." मग साखळी सोडून तो हळूच म्हणाला, "म्हनजे पोरगं चुकून बुडालं नाही गा."

बाहेर शालीकराम भेटला. कामावर जायची घाई होती, तरी त्यानं आम्हाला ती जागा लांबून दाखवली. कोळ्यांच्या वस्तीमागे काळ्या खडकांची रांग समुद्रात गेली होती आणि टोकाला एक मोठा, सपाट खडक होता. "रातपाळी करून आला होता," शालीकराम म्हणाला. "म्हने, आल्यापासून मोकळ्या पान्यापाशी नाही बसलो, जाऊन बसतो. तो तिकडचा खडक त्याले आवडला होता." एवढं सांगून तो गेला.

पाणी दूर होतं. खडकांच्या मधली जमीन उघडी, नुसता चिखल आणि शेवाळ. आम्ही सहज चालत टोकापर्यंत गेलो. मामानं चपला काढून खडकाखाली ठेवल्या, पिशवी शेजारी ठेवली आणि समुद्राकडे तोंड करून बसला. "तू जा, चहा पिऊन ये," तो म्हणाला. "मले बसू दे." मी भुकेनं कावलो होतो. लगेच निघालो.

चहा झाला, वडापाव झाला, घरी फोन झाला. परत आलो तर वाट दिसेना. ज्या चिखलातून आम्ही गेलो होतो तिथे पाणी हेलकावत होतं. मामाच्या मागच्या बाजूनं, चोरपावलांनी येऊन ते भरलं होतं. आणि मामा समुद्राकडे तोंड करून तसाच बसलेला! मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. वाऱ्यात त्याला काय ऐकू जाणार?

जाळं निवडत बसलेल्या एका कोळणीनं माझा आवाज ऐकला, मग तिनं नवऱ्याला हाक मारली. तो दोर घेऊन पाण्यात उतरला. तोवर मामाही उठला होता. त्यानं आपणच पाण्यात उडी घेतली. तोही पोहणारा होता ना! पहिल्याच लाटेनं त्याला उचललं आणि खडकावर घासलं. दुसरीनं तोंड पाण्याखाली दाबलं. तलावाचं पाणी असं माणसाला मारत नाही. त्या कोळ्यानं त्याला स्वेटरला धरून ओढून आणलं तेव्हा पायाच्या चिंध्या झाल्या होत्या, तोंडातून खारं पाणी येत होतं. चपला आणि पिशवी केव्हाच गेली होती.

कोळीण त्याच्यावर तुटून पडली. "डोळे आहेत का बटणं? जीव द्यायला आला होतास काय?"

मामा चिखलात बसून थरथरत होता. त्यानं वर बघितलं आणि विचारलं, "पानी कोनं सोडलन?"

"काय?"

"पानी. कोनं सोडलन?"

ती बाई आधी हसली. मग त्याचा चेहरा बघून तिचं हसू गेलं. "कुणी कशाला सोडंल, बाबा? भरती आहे ती. रोज येते. आपल्या आपण येते." मग खडकाकडे बोट करून म्हणाली, "दोन वर्षांमागं एक पोरगा असाच गेला त्या खडकावर. झोपला होता. काठावरून आमची माणसं हाका मारत होती, त्याला जागच आली नाही."

मीही शाळेत भरती-ओहोटी पाठ केली होती, तिच्यावर मार्कही मिळवले होते. पण त्या खडकाशी मला ती आठवली नाही, कारण मीही मामाच्याच नहरात झोपून मोठा झालो होतो.

मामा रडला नाही. "झोपला होता," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी चैत्यभूमीच्या रांगेत तो अनवाणी, पायाला फडकं बांधून उभा होता. शेजारी समुद्र होता. पाणी सकाळी होतं तिथे दुपारी नव्हतं, आणि मामा सारखा तिकडेच बघत होता.

गोंदियाला उतरल्यावर मी मोटरसायकल काढली. मागे बसून मामा म्हणाला, "घरी नाही. दवनीवाड्याले चाल."

मोनाली दारातच शिलाई मशीनवर बसली होती. दोन वर्षांत तिच्यासाठी एकही पाहुणा आला नव्हता. ज्या पोरीपायी माणूस मेला, तिला कोण घरात घेणार? केवळराम आम्हाला पाहून उठला, पण त्याच्या तोंडून जयभीम निघाला नाही.

मामा उभ्याउभ्याच बोलला. "पोरी, तुह्यामुळं नाही मेला तो. त्यानं जीव नाही देल्लन. झोपला होता. पानी आपोआप येत नाही, हे म्याच शिकवलो त्याले. म्याच मारलो."

मोनालीनं मशीन थांबवलं. "हे मले कायले सांगता?" ती म्हणाली. "मले माहीतच होतं. गावासमोर हाकललं ना मले? मग गावासमोरच सांगा."

मामानं मान हलवली. पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर तो उठला आणि सगळं, जसं घडलं तसं सांगितलं. लोक खाली बघत आपापल्या घरी गेले. वाटेत मामी एकदाच बोलली. "म्या ओरडत होती," ती म्हणाली. "नहरात झोपू नोका म्हनून, म्या रोज ओरडत होती." त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही, आणि मामाला ताट वाढताना ती त्याच्याकडे बघत नसे. मोनालीचं पुढे लग्न झालं, बालाघाटकडे. मामाला आमंत्रण नव्हतं.

मुंबईहून आल्यानंतरच्या जानेवारीत उन्हाळी धानासाठी पाणी सोडायचं होतं तेव्हा मी चोरखमाऱ्यात होतो. खालच्या गावचे शेतकरी पाळीवर ताटकळले होते आणि मामा कुठेच दिसत नव्हता. शिव्या घालत मी त्याला शोधायला निघालो. तो कोरड्या नहरात होता. बरा न झालेला पाय ओढत, एकेका पुलाखाली वाकून बघत येत होता. असा तो फार दुरून चालत आला होता.

आमच्या पुलापाशी तो थांबला. खाली फरशीवर कुणीच नव्हतं. वाळका पाला होता, बस. मामा वाकला, सावलीत हात घातला, झोपलेल्याला हलवावं तसा हलवला आणि हलकेच म्हणाला, "अश्विन, ऊठ गा. पानी येऊन राहिलं."