मुलाखतीपुरती आई

वर्षाराणी चौगलेचं इंग्रजी गोठ्यात सुरू झालं. सकाळी ती धारंला बसली, की धाकटी जाऊ संयोगिता दारात खुर्ची टाकून शाळेतली मॅडम व्हायची. संयोगिता कॉलेज शिकलेली, वर्षाराणीची शाळा नववीत सुटलेली. वर्षाराणीच्या लेकीला, दीप्तीला, पहिलीला इंग्लिश मीडियमला घालायचं होतं, आणि तिथं पोरीआधी आईबापाचीच मुलाखत. तीही इंग्रजीत.

"व्हॉट डू यू डू, मिसेस चौगले?"

"आय मिल्क बफेलो."

"ताई, हाऊसवाइफ म्हणा की."

"का गं? धार काय मॅडम काढणार हाय?"

दोघी हसायच्या. पण हळूहळू वर्षाराणी भांडी घासताना, बावड्याच्या बसस्टॉपवर, एकटीच पुटपुटायला लागली. दीप्ती लाइक्स पीनट्स. दीप्ती इज अफ्रेड ऑफ थंडर. पोरीचं सगळं तिनं एकेका वाक्यात बसवलं.

मुलाखतीदिवशी ठेवणीतली साडी नेसून ती बाहेर आली, तर संयोगिताही नटून उभी. मान खाली.

"तूबी येतीस?"

गाडी पुसत कृष्णात, वर्षाराणीचा नवरा, बोलला. "आत संयोगिता बसंल. आई म्हणून. तू अडकलीस तर पोरीचं वरीस जाईल. दीप्ते, आज काकीला मम्मी म्हणायचं."

"समदं पाठ केलोय मी. विचारा कायबी."

"मी काय विचारू? मला कुठं येतंय?"

"मग तुमच्या जागी भावजींना बसवा की."

कृष्णातनं फडकं झटकलं. "बापाला कोण विचारत न्हाय. बस गाडीत."

शाळेच्या व्हरांड्यात ती बाकावर बसून राहिली. दार अर्धवट उघडं होतं. आतून संयोगिताचा आवाज आला, "दीप्ती इज अफ्रेड ऑफ थंडर." मॅडम कौतुकानं काहीतरी म्हणाल्या. पुढचं वाक्य वर्षाराणीच्या ओठांवर आधीच आलं होतं.

तिघं बाहेर आली. प्रवेश पक्का झाला होता.

"आता पालकसभेलाबी संयोगितालाच यावं लागतंय," कृष्णात सहज म्हणाला. संयोगितानं वर बघितलंच नाही.

दीप्ती आईला येऊन बिलगली आणि मोठ्यानं विचारलं, "मम्मी, शाळंत तुला काकी म्हणायचं, नव्हं?"

वर्षाराणीनं दाराकडं बघितलं. मॅडम तिथंच उभ्या होत्या.

"व्हय," ती म्हणाली. "हळू बोल."