मिशीवाल्या पिल्लाची सही

राघोत्तमराव आणि मिशीवालं पिल्लू पहिल्यांदा समोरासमोर आले, तेव्हा चेन्नईतल्या नीलांकरैचा समुद्र चार पावलं मागे हटला, कुत्र्यांची पिल्लं विकणाऱ्या गुरुमूर्तीच्या बंगल्यातला एसी उचकी लागल्यासारखा आवाज करून थांबला आणि आवारातल्या माडानं घाबरून दोन नारळ टाकले. निदान राघोत्तमरावांनी घरी येऊन बायकोला असंच सांगितलं. त्यांची मुलगी कीर्तना तिथंच होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे वीज गेली होती, नारळ आदल्या दिवशीचे होते आणि त्या बंगल्यातून समुद्र दिसतच नाही. पण अप्पांनी पिल्लाकडे पाहिलं, पिल्लानं अप्पांकडे पाहिलं आणि पुढचा बराच वेळ दोघांनीही पापणी लववली नाही, एवढं मात्र तिलाही मान्य आहे.

पिल्लू नऊ आठवड्यांचं, म्हणजे साधारण इडलीपात्राएवढं. बाप सायबेरियन हस्की, आई पूडल. एवढ्याशा तोंडावर भरघोस मिशा, हनुवटीला दाढी, आणि भुवया अशा की एखाद्या निवृत्त न्यायाधीशानं मागून घ्याव्यात. हे सगळं राघोत्तमरावांनी एकवेळ चालवून घेतलं असतं. पण त्याचा उजवा डोळा निळा होता आणि डावा कॉफीच्या डिकॉक्शनसारखा काळपट तपकिरी.

"दोन्ही जुळत नाहीत," राघोत्तमराव पुटपुटले.

त्यांच्या तोंडून हे वाक्य येणं म्हणजे काय, ते मैलापुरातल्या लोकांना विचारा. चौतीस वर्षं या माणसानं बँकेत एकाच टेबलावर बसून सह्या पडताळल्या. डावीकडे खातेदाराच्या नमुना सहीचं कार्ड, उजवीकडे चेक, हातात भिंग. जुळली तर चेक पुढे, नाही तर परत. एकदा त्यांनी सख्ख्या थोरल्या भावाचा चेक परत पाठवला होता, कारण शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळली होती. भाऊ समोर उभा राहून ओरडत होता, "अरे, मीच केली रे सही!" राघोत्तमराव भिंग खाली न ठेवता म्हणाले, "तुम्ही केली असेल, अण्णा. पण जुळत नाही." अण्णा पुढे तीन वर्षं बोलले नाहीत.

इतक्या वर्षांत एकच खोटी सही त्यांच्या नजरेतून निसटली. ती घेऊन आलेल्या गृहस्थाला झुपकेदार मिशा होत्या आणि तो म्हणाला होता, "निश्चिंत राहा, सार." तेव्हापासून मिशा आणि निश्चिंती या दोन्ही गोष्टींवरचा त्यांचा विश्वास उडाला.

निवृत्तीनंतर भिंग घरी आलं. दूधवाल्याचं दूध, कॉफीतली चिकोरी, देवळाबाहेरच्या फुलवालीनं आपल्या हातानं मोजलेला मोगऱ्याचा गजरा, सगळं तपासलं जाई. फुलवाली म्हणे, "सामी, तुमचा हात लांब आहे, म्हणून माझं माप तोकडं दिसतं." राघोत्तमराव घरी येऊन बायकोच्या हातानं पुन्हा मोजत. माप बरोबर निघालं, की त्यांचा संशय दुप्पट होई.

अशा माणसाच्या घरी कुत्रं येणार होतं, त्याला कारण होतं. कीर्तना शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होती. मैलापूरहून जायला दीड तास, यायला दोन. घरी पोचेपर्यंत अम्मा-अप्पांची जेवणं झालेली, टीव्ही बंद. ऑफिसजवळ दोन मैत्रिणींनी फ्लॅट घेतला होता आणि तिसरी खोली तिच्यासाठी रिकामी ठेवली होती. दोन हजार आठच्या फेब्रुवारीत एका रविवारी जेवताना ती म्हणाली, "घरी आल्यावर कुणी तरी दारात आनंदानं उड्या मारायला हवं, अप्पा. एवढंच. एक कुत्रं आणू या, मी इथंच राहते."

राघोत्तमरावांनी रसमभाताचा घास ताटात परत ठेवला. उड्या मारायची त्यांची स्वतःची तयारी होती, पण गुडघे नव्हते. आणि एकुलती एक मुलगी घर सोडून जाणार, या विचारानं त्यांना भिंगातूनसुद्धा काही दिसेना.

अडचण दुसरीच होती. त्यांच्या बायकोला, त्रिपुरसुंदरीबाईंना, दमा. डॉक्टरांनी कापसाच्या उशासुद्धा घरातून काढायला लावल्या होत्या. आणि कीर्तनाचा जीव जडला होता हस्कीवर. बर्फात जन्माला आलेलं आणि केस झडायला लागले की गादी फाटल्यासारखं दिसणारं जनावर. मग तिनं इंटरनेटवरून पानंच्या पानं छापून आणली. हस्की आणि पूडलचा संकर केला, तर काही पिल्लं पूडलच्या वळणावर जातात आणि त्यांचे केस फार कमी गळतात.

"काही म्हणजे कुठली?" राघोत्तमरावांनी विचारलं.

"ते बघून निवडावं लागतं."

"मग मी निवडणार," ते म्हणाले. हीच त्यांची एकमेव अट. अम्माची अट एका शब्दाची होती: "केस नक्को."

तर असे ते नीलांकरैला गुरुमूर्तीकडे आले. तीन पिल्लं उरली होती. एक काळं, ते कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं. दुसरं हे मिशीवालं. आणि तिसरं गुळगुळीत तोंडाचं, करडं-पांढरं, शाळेच्या पहिल्या दिवशी भांग पाडून आलेल्या मुलासारखं. त्याचे दोन्ही डोळे तपकिरी. राघोत्तमरावांनी भिंग काढलं, डावा पाहिला, उजवा पाहिला, पुन्हा डावा पाहिला आणि समाधानानं मान डोलावली.

गुरुमूर्ती हा गलेलठ्ठ, हसरा माणूस. तो मिशीवाल्याला उचलून म्हणाला, "सार, घरात दमा आहे ना? मग हेच न्या. तोंडावर केस आले, म्हणजे आईच्या वळणावर गेलंय. याचे केस गळणार नाहीत. ते गुळगुळीत आहे ना, ते बापावर गेलंय. आता लहान आहे म्हणून कळत नाही, मोठं झालं की बघा. निश्चिंत राहा, सार."

झालं! राघोत्तमरावांच्या मानेवरचे केस उभे राहिले.

"इतकं चांगलं आहे," ते म्हणाले, "तर तुम्ही स्वतःला का नाही ठेवत?"

"ठेवलं असतं, सार. मोह होतो. पण माझा धंदा आहे."

"हं," राघोत्तमराव म्हणाले. त्यांच्या त्या एका 'हं'मध्ये किमान चार चेक परत गेले.

मग त्यांनी पिशवीतून पुरावा काढला: बँकेच्या निरोप समारंभात घातलेला काळा कोट. तो मांडीवर पसरून त्यांनी आधी गुळगुळीत पिल्लू त्यावर दहा मिनिटं बसवलं. पिल्लू कोटाच्या खिशात नाक खुपसून झोपी गेलं. उचललं, भिंगानं पाहिलं, केस नाही. मग मिशीवालं. ते दहा मिनिटं बसलंच नाही. कॉलर चावली, बटण चाटलं आणि राघोत्तमरावांच्या कानाशी खेटून उभं राहिलं. त्याला उचलल्यावर कोटावर तीन पांढरे केस!

"बघा!" राघोत्तमराव विजयानं ओरडले.

"अप्पा," कीर्तना हळूच म्हणाली, "ते तुमचे आहेत."

"माझे?"

"ते तुमच्या डोक्यालाच खेटून उभं होतं. आणि त्याचे केस कुरळे आहेत. हे सरळ आहेत."

"माझे केस गळत नाहीत," राघोत्तमराव म्हणाले. त्यांच्या टकलावर गुरुमूर्तीच्या ट्यूबलाइटचं पूर्ण प्रतिबिंब पडलं होतं.

कीर्तनानं तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तेवढ्यात गुळगुळीत पिल्लू आपण होऊन परत अप्पांच्या मांडीवर चढलं होतं, आणि तिचे अप्पा, ज्यांनी जन्मात कुणाला तपासल्याशिवाय जवळ घेतलं नव्हतं, ते डाव्या हाताचं एक बोट त्याच्या पाठीवरून असं फिरवत होते, जणू शाई अजून ओली आहे.

"हेच," ते म्हणाले. गुरुमूर्तीनं खांदे उडवले.

पिल्लाचं नाव कीर्तनानं इग्लू, म्हणजे बर्फाचं घर, असं ठेवलं. मैलापूरच्या मे महिन्यात हे नाव हाकारायला धीर लागे. इग्लू न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर चारी पाय पसरून पडे आणि संध्याकाळी कीर्तनाची पावलं जिन्यात वाजली, की दारात अशा उड्या मारी, की खालच्या मजल्यावरचे नारायणस्वामी छताकडे पाहून "मुरुगा!" असा देवाचा धावा करत. कीर्तना आता साडेसातला घरी येऊ लागली. जेवायला तिघं एकत्र बसू लागली. फ्लॅटचा विषय निघेनासा झाला.

राघोत्तमराव मात्र गाफील राहिले नाहीत. रोज संध्याकाळी भिंग घेऊन सोफा, पायपुसणं आणि अम्माच्या साडीचा पदर यांची तपासणी होई. सापडलेलं सगळं एका पाकिटात, वर तारीख. पहिले सहा महिने पाकिटांत नारळाची शेंडी, मोगऱ्याचा देठ आणि त्यांचे स्वतःचे केस एवढंच निघालं.

"गुरुमूर्ती लबाड आहे, हे मी तेव्हाच सांगट्लं होतं," ते अम्माला तंजावरी मराठीत ऐकवीत. "मिशीवाला माझ्या गळ्यात मारत होता."

सप्टेंबरात इग्लूनं कात टाकली.

दुसरा शब्द नाही त्याला. एका सकाळी त्यानं अंग झाडलं आणि दिवाणखान्यात धुकं पसरलं. पांढऱ्या मऊ केसांचे पुंजके पंख्याबरोबर फिरू लागले. देव्हाऱ्यातल्या कृष्णाला दाढी आली. कॉफीच्या फिल्टरवर केस, इडलीच्या पिठावर केस, नारायणस्वामींनी गच्चीत वाळत घातलेल्या पापडांवर केस. राघोत्तमरावांनी आधी शेजारच्या मांजरावर संशय घेतला. मग समोरच्या गादीवाल्यावर. मग नारायणस्वामींवर, ज्यांच्या डोक्यावर पंचवीस वर्षांत एक केस दिसला नव्हता. दोन दिवसांत पाकिटं संपली. तिसऱ्या दिवशी त्यांनी उशीचा अभ्रा घेतला.

"अम्मा, त्रास होतोय का?" कीर्तना रोज विचारी.

"काही नाही जालं," अम्मा म्हणे. "छान आहे मी." आणि पदर सावरून स्वयंपाकघरात जाई.

राघोत्तमराव हे ऐकत आणि सुटकेचा निःश्वास टाकत. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसानं बायकोच्या 'छान आहे' कडे मात्र भिंग कधी वळवलं नाही.

ऑक्टोबरात एका दुपारी ते तूरडाळीचा डबा तपासायला बसले. वाण्यानं जुनी डाळ मिसळल्याचा त्यांना संशय होता. डाळीत हात घातला आणि काहीतरी टणक लागलं. दम्याचा पंप. रिकामा. मग दुसरा, तोही रिकामा. उडदाच्या डब्यात तिसरा.

त्रिपुरसुंदरीबाई दारात उभ्या होत्या.

"कधीपासून?" राघोत्तमरावांनी विचारलं.

"तिला सांगू नका," त्या म्हणाल्या. मध्ये एकदा थांबून त्यांनी श्वास घेतला. आता ऐकल्यावर त्या श्वासातली शिट्टी राघोत्तमरावांना स्पष्ट कळली. "ती घरी लवकर येते, हो. आपल्याबरोबर जेवते. इग्लू गेला की ती जाईल."

राघोत्तमरावांनी तिन्ही पंप मांडीवर ओळीनं मांडले. दुसरी खोटी सही त्यांच्या नजरेतून निसटली होती, आणि ती त्यांच्याच स्वयंपाकघरात रोज होत होती.

त्यांनी गुरुमूर्तीला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चेक परत आलेल्या एखाद्या खातेदारासारखा आला.

"सार, ते पिल्लू... मिशीवालं... बदलून मिळेल का?"

पलीकडे गुरुमूर्ती हसला, पण कुत्सितपणे नव्हे. "ते मी विकलंच नाही, सार. तुम्ही विचारलंत ना, इतकं चांगलं आहे तर स्वतःला का नाही ठेवत? मी विचार केला, खरंच की. माझ्याच पलंगावर झोपतंय. एक केस नाही, सार."

राघोत्तमरावांनी फोन ठेवला. इग्लू येऊन त्यांच्या पायाशी बसला आणि जुळणाऱ्या दोन तपकिरी डोळ्यांनी वर पाहू लागला. त्यांनी त्याला उचलून मांडीवर घेतलं. काळा कोट त्यांनी या वेळी पसरला नव्हता. पसरायची गरजच उरली नव्हती.

संध्याकाळी त्यांनी कीर्तनासमोर तिन्ही पंप ठेवले. तिनं एकेक हलवून पाहिला.

"इग्लूचे केस गळणार, हे मला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "गुरुमूर्तीकडेच. ते म्हणाले ते खरं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पहिल्यांदाच कुणाला तरी पास केलं होतंत, अप्पा."

इग्लूला दुसऱ्या कुणाला देऊन टाकायचं, हे राघोत्तमरावांनी एकदा बोलून पाहिलं. इग्लूनं त्यांच्या धोतरवजा वेष्टीवर डोकं ठेवलं आणि ते वाक्य त्यांनीच परत घेतलं.

दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी कीर्तना शोळिंगनल्लूरच्या फ्लॅटवर राहायला गेली. इग्लूही गेला. अम्माचा पंप आता डाळीत नसतो, फ्रिजवर असतो, आणि महिन्याला एकच लागतो.