पणजोबांची आंधळी नळी

त्या दुपारी चष्मेवाल्या आत्याने गिऱ्हाइकांना वाटेला लावलं आणि दुकान बंद करून ती घरी पळाली. चाळीस वर्षं लोकांना चष्मे लावणाऱ्या या बाईच्या घरातली दुर्बीण मात्र आंधळी. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

दुर्बीण पणजोबांनी केलेली. ते भांडी ओतणारे कारागीर. पितळी नळीत त्यांनी धातूचे दोन गोल आरसे बसवले होते, तळाशी मोठा, तोंडाशी लहान. सात वर्षं घासत होते म्हणे, आणि दिसायचा काय, तर धुरकट ठिपका. घरात कुणाचं काम फसलं की ‘पणजोबांची नळी झाली’ म्हणायची रीत होती, आणि ती पाडली आत्यानेच. आता संग्रहालयाचे साहेब चार वाजता ती दुर्बीण न्यायला येणार होते. त्यांनी आधी धाडलेल्या कागदावर शेरा होता, ‘निकामी’. तो आत्याला झोंबला. घरच्यांनी चेष्टा करणं वेगळं, परक्याने का म्हणावं?

तिने मोठा आरसा बाहेर काढला. पुसताना पाठीच्या कडेला कानशीने पाडलेली बारीक खाच बोटाला लागली. नळीच्या आतल्या काठावरही तशीच खाच. आत्याला आठवलं, पणजोबांच्या माघारी दुर्बीण नुसती पडून होती. विशीत, धंदा नुकता शिकताना, हा आरसा तिनेच हौसेने धुऊन परत बसवला होता. गोल वस्तूला कसलं वर आणि कसलं खाली, म्हणून हाताला आला तसा! आज सिलिंडर नंबरचं, म्हणजे ठरावीक कोनातच बसवायचं, भिंग जरा फिरलं तरी ती कारागिरांवर डाफरते. पणजोबांचे दोन्ही आरसे किंचित वाकडे उतरले असणार. एकाचा दोष दुसरा झाकेल अशी जागा हुडकून म्हाताऱ्याने खूण करून ठेवली होती. केवढं डोकं!

खाचेला खाच जुळवून तिने स्क्रू आवळले. साहेब आले तेव्हा ती गच्चीवर होती, नळी छपरांवरच्या फिकट अर्ध्या चंद्राकडे लावून. कडा लख्ख, खड्डे मोजून घ्यावेत असे.

साहेब बराच वेळ डोळा लावून राहिले. मग त्यांनी शेरा खोडला आणि विचारलं, इतकी वर्षं दिसत का नव्हतं?

‘धूळ बसली होती’ म्हणून भागलं असतं.

“आरसा मी चुकीचा बसवला होता,” आत्या म्हणाली. “पणजोबांनी नीटच केली होती. तसं लिहा.”