बावखलावरची दोरी

तेव्हा बावखलाच्या काठावर सासूबाई होत्या, सासरे माडावर चढलेले, माझे मालक खाली नारळ गोळा करत होते, आनि मी नवी नवरी कळशी घेऊन आलेली. पान्यात माझी ननंद सुमन. बावखल म्हंजे आमच्या नंदाखाल गावच्या वाडीतलं तळं. केळीला पानी त्यातूनच जायचं.

सुमन उतानी पडली होती, डोळे सताड उघडे. मला वाटलं पोरगी गेली. हातातली कळशी टाकून मी ओरडले. सगळे हसायला लागले. ती पान्यातूनच बोलली, "वहिनी, जित्ती हाय मी. कळशी उचला, आई बघते."

"वन्सं, अशा उतान्या कशाला पोहता?"

"वर बघा ना. बाबा नारळ पाडतात. नारळाला डोळे असतात, पन तो बघून पडत नाय. मंग मीच बघते."

माड पान्यावर वाकलेले. वरचा माड बघून तिला कळायचं आपन कुठं आलो. वाकडा माड डोक्यावर आला की ती हात मागं टाकायची, तो बरोबर पायरीच्या दगडावर. मान कधी वळवली नाय.

शाळेतल्या सरांनी ते बघितलं आनि मुंबईला शर्यतीला न्यायचं म्हनाले. सासूबाईंच्या मनात नव्हतं. शेवटी म्हनाल्या, "एकदा जा. काय झालं तर परत पान्याचं नाव घ्यायचं नाय."

सासूबाई आनि मी बरोबर गेलो. तिथला तलाव निळ्या फरशीचा, वर नुसतं आभाळ. पान्यावर आडव्या दोरीला रंगीत पताका. मला वाटलं कोनाचं तरी लगीन असेल. सुमनलाबी ती शोभाच वाटली. शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढं होती. पताका डोक्यावरून गेल्या, आनि ती माडाची वाट बघत राहिली. डोकं भिंतीवर आपटलं. टाके पडले. पहिला नंबर दुसऱ्याच पोरीचा आला.

बसमध्ये सासूबाई एवढंच बोलल्या, "झालं ना? आता पुरे."

सुमन रडली नाय. डोक्याला पट्टी, खिडकीला टेकून हळूच मला म्हनाली, "वहिनी, त्या पताका शोभेच्या नव्हत्या. सर म्हनाले, त्या आल्या म्हंजे भिंत जवळ. पाठीवर पोहनाऱ्यांसाठीच बांधतात. आपल्याला कोन सांगनार?"

सकाळी मी माझी माहेरची पिवळी साडी काढली. काथ्याची दोरी बावखलावर आडवी बांधली आनि साडी फाडून एकेक चिंधी तिला बांधायला लागले. मागं बघते तर सासूबाई. वाटलं आता ऐकावं लागनार. त्यांनी दोरी बघितली, साडी बघितली आनि घरात गेल्या. आपलं जुनं लुगडं घेऊन आल्या.

"बसमधलं ऐकलं मी. हे फाड, ते नवीन हाय."

मंग पायरीवर जाऊन बसल्या. "सुमे, टाके सुकले की उतर. मी बसते दगडापाशी. आपटायला लागलीस तर हात लावीन."

पुढं सुमन किती वर्षं पाठीवरच्या पोहन्यात राज्यात पहिली यायची. देशातबी आली. खेळावर नोकरी लागली. पदकं सासूबाई तांदळाच्या डब्यात ठेवायच्या. घरी आली की ती आधी बावखलात, मंग जेवायला.

माझे मालक गेले तेव्हा पोरं लहान होती. मी केळी घेऊन आगाशीच्या बाजारात बसायची. एक दिवस सुमननं मला ओढून पान्यात नेलं, मानेखाली हात धरला. "पान्याशी भांडू नका, वहिनी. पाठ टाका." मी टाकली. "आभाळ दिसतं ना? मंग झालं." हात तिनं कधी काढून घेतला ते कळलं नाय.

नोकरी संपल्यावर ती गावातल्या पोरींना इथंच शिकवायची. मागल्या वर्षी पोटाच्या दुखन्यानं गेली. शेवटी शेवटी बोलनं कमी झालेलं. मला म्हनाली, "चिंध्या बदलल्या का?" मी म्हटलं, बदलल्या. मंग डोळे मिटले.

आजूबाजूची बावखलं बुजली, वर इमारती झाल्या. आमचं अजून हाय. तिनं शिकवलेल्या दोघी आता बारक्यांना शिकवतात, इमारतीतल्या पोरीबी येतात. पन चिंध्या उन्हापान्यात कुजतात, आनि घरातली लुगडी संपली. नायलॉन भिजलं की दोरीला चिकटून बसतं, खालून दिसत नाय.

तुमच्याकडं जुनी सुती साडी असेल तर आनून द्या. भडक रंगाची असली तर बरं.