डबीतली लाळ

"तुमच्या लोकांना थुंकायला शिकवावं लागतंय व्हय?"

डॉक्टर असं म्हणाले आणि माझ्या लेकीची डबी चिमटीत धरून बाकावर बसलेल्यांना दाखवली. डबीत नुसती लाळ होती. दोघं-तिघं हसले. माझी मुक्ता चार वर्षांची. ती माझ्या पदरात तोंड खुपसून उभी राहिली.

तालुक्याच्या गावातला खासगी दवाखाना. डॉक्टरांच्या मागं भिंतीवर काचेच्या चौकटीत डिग्री. 'तुमच्या लोकांना' म्हणायच्या आधी त्यांनी केसपेपरवरचं आमचं आडनाव दोनदा वाचलं होतं. मुक्ताचा खोकला हटेना, तपासायला बेडका हवा म्हणून आम्हाला बाहेर मोरीपाशी पाठवलं होतं. पोरीला थुंकता येईना. चारचौघांत थुंकायचं नाही हे मीच तिला शिकवलेलं. आमच्या घराकडं बोट दाखवायला कुणाला जागा ठेवायची नाही, हा माझा हट्ट. तरी त्या उन्हात मी तिला थुंक म्हणून चापट मारली. तिची नाही, मला माझीच लाज वाटत होती.

तीच लाळ तपासायला गेली. दोन दिवसांनी रिपोर्ट आला.

"टीबी नाही. खोकायची सवय लागलीय. आंघोळ घालत जा, खायला घालत जा."

मी म्हणाले, "सायेब, घरात सासऱ्यांना टीबी हाय. गोळ्या चालू हायेत. पोरगी दिवसभर त्येंच्याच मांडीवर असती."

"डॉक्टर तू का मी?"

मी आमच्या ईट गावात अंगणवाडीत मदतनीस आहे. दर महिन्याला गावची लेकरं काट्यावर मीच बसवते. मुक्ताचं वजन दोन महिने जागचं हललं नव्हतं, तिसऱ्या महिन्यात उतरलं. ते सगळं कार्डावर लिहिलेलं होतं. कार्ड मी त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

आजवर मी लई ऐकून घेतलंय. शाळेत, रानात, लोकांच्या उंबऱ्यावर. पण त्या कपाचा ओला गोल माझ्या लेकीच्या वजनावर उमटला, तेव्हा माझं डोकं एकदम थंड झालं. मी कप उचलला आणि त्यांच्या फायलीवर ठेवला.

"कार्ड वाचता येत न्हाय का तुमाला?"

या वेळी बाकावरचं कुणी हसलं नाही. कार्ड पदराला पुसून मी निघाले.

दुसऱ्या दिवशी एसटीनं धाराशिव. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनं आधी कार्डच मागितलं. मग विचारलं, "घरात कुणाला हाय का?" मी डबीची गोष्ट सांगितली, तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "बाई, एवढ्या लेकराला बेडका थुंकता येत नसतोय. ते गिळून टाकतंय. सकाळी उपाशीपोटी नाकातनं नळी घालून पोटातलं पाणी काढावं लागतंय."

नळी घालताना मुक्ता माझा हात चावली. त्या पाण्यात टीबी निघाला.

लहान लेकरू बेडका गिळतं. आमचंही आणि त्यांचंही. एवढी साधी गोष्ट काचेतल्या त्या डिग्रीला माहीत नव्हती, आणि आडनाव मात्र बरोबर वाचता आलं. मला वाटायचं, शिकलेला माणूस म्हणजे मोठा माणूस. त्यांच्या अडाणीपणाची मला आता कीव येत नाही. किळस येते.

मुक्ताच्या गोळ्या चालू आहेत. तिला मारलेली चापट मी विसरलेली नाही.

त्या बाकावर अजूनही बाया खोकणारी लेकरं घेऊन बसतात आणि सवय आहे असं ऐकून घरी जातात. उद्या मी धाराशिवचा रिपोर्ट घेऊन तिथं जाणार आहे. माफीसाठी नाही, त्यांची माफी मला नको. बाकापुढं उभी राहून तो मोठ्यानं वाचणार. कुणाच्या लेकराचं वजन थांबलंय, कुणाच्या घरात टीबीचं माणूस आहे, ते एकेकीला विचारणार. जिचं तसं असेल तिला उठवून एसटीत बसवणार. हाकललं तर परवा पुन्हा जाणार.

आणि निघताना डॉक्टरांना सांगणार: तुमच्या घरी चार वर्षांचं लेकरू असंल, तर त्येच्या हातात डबी द्या आन् थुंकायला सांगून बघा.