ओ निगेटिव्हची यादी

नांदूरघाटच्या किराणा दुकानदाराची लेक दानम्मा बीडच्या एका इस्पितळाच्या रक्तपेढीत रक्तदात्यांची यादी सांभाळायची. यादी कॉम्प्युटरवर होती. तिचा प्रोग्रॅम गावचाच, पण पुण्यात नोकरीला असलेला शहादेव याने लिनक्स या मोफत मिळणाऱ्या प्रणालीवर लिहून दिला होता.

२००२ साली मशीनवर केडीई हा नवा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या चित्रांची आणि खिडक्यांची मांडणी, आला. पुढे डिस्क भरत आली, तेव्हा एका सकाळी दानम्माने जुना ग्नोम डेस्कटॉप काढून टाकला. तो आता कोणी उघडतही नव्हतं.

दुपारी इस्पितळातले राधाकिशन डॉक्टर घाईने आले. केजहून आणलेल्या बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. गट ओ निगेटिव्ह, आणि फ्रीजमध्ये एकच पिशवी. दाते बोलवा म्हणाले आणि तसेच परत गेले.

दानम्माने यादी उघडायला क्लिक केलं. काहीच झालं नाही. प्रोग्रॅमचं नाव टाइप करून पाहिलं, तर एकच ओळ आली: जीटीकेची फाइल सापडत नाही. कागदी वही दोन वर्षांपूर्वीच बंद झाली होती, आणि आता तिला एकाही दात्याचं नाव आठवेना.

शहादेवचा फोन तिसऱ्यांदा लागला. तिने ती ओळ वाचून दाखवली आणि सकाळी ग्नोम काढल्याचं सांगितलं.

"ताई, डेस्कटॉप कोणताही चालतो," तो म्हणाला. "पण पडद्यावर खिडक्या-बटणं दाखवायला माझ्या प्रोग्रॅमला जुनी जीटीके लायब्ररी, म्हणजे त्या कामाच्या तयार फाइलींचा संच, लागते. ग्नोमबरोबर ती पण गेली. जुन्या सीडीवरून तेवढीच परत टाका. नवी टाकू नका, तिच्यावर हा चालणार न्हाई."

सीडी कपाटात सापडली. ड्राइव्ह घरघरत राहिला, आणि घाईत दानम्माची टाइप केलेली आज्ञा दोनदा चुकली. मग यादीची खिडकी उघडली. केडीईत ती राखाडी, परकी दिसत होती, पण ओ निगेटिव्हची नावं होती. तीन.

पहिल्या दोघांकडे फोन कुणी उचलला नाही. तिसरा नेकनूरचा बंकट, मेंढरं राखणारा; त्याच्या नावापुढे गावातल्या एसटीडी फोन-बूथचा नंबर होता. एसटीडीवाल्याने त्याला रानातून मोटारसायकलवर आणून सोडलं.

बाई वाचली. संध्याकाळी दानम्मा डॉक्टरांसमोर उभी राहिली. "सर, सकाळी मीच काढलं होतं ते. मला कळलंच न्हाई."

डॉक्टरांनी दर शनिवारी यादी कागदावर छापायला सांगितली. ती छापत राहिली. तरी पुढे कित्येक महिने, रोज आल्याबरोबर ती आधी यादीची खिडकी उघडते का ते पाहायची.