जग मोकळं आहे, कुठंही जा

खेळ संपला की फासे डब्यात जातात, नकाशा गुंडाळून कपाटावर जातो. किस्से मात्र कुठंच जात नाहीत. ते साचत राहतात. आमच्या रविवारच्या टेबलाचे इतके साचलेत, की आता खेळापेक्षा किस्सेच जास्त झाले. तसे खेळणारे तरी आता कुठं उरलेत!

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण जग रचतो. डोंगर, नद्या, गावं, राजे, चोर, सगळं. त्याला मास्टर म्हणतात. तो मी. बाकीचे त्या जगात एकेक माणूस होतात, आपला माणूस काय करतो ते तोंडानं सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. बहुतेक मास्टर गोष्ट आधीच ठरवून आणतात. माझ्याकडे गोष्ट नसते. जग तयार आहे, पुढचं तुमचं तुम्ही बघा. याला सँडबॉक्स म्हणतात.

मी एका कॉलेजात कंत्राटी लेक्चरर आहे. तुला कुठं जायचंय, असं मला आजवर कोणी विचारलेलं नाही. म्हटलं, आपणच लोकांना विचारून बघावं!

*

पहिल्या रविवारी तिघं आले. तिघंही शाळेपासूनचे. मोहित, त्याच्या वडिलांचं इतवारीच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान. रश्मी, दातांची डॉक्टर. आणि निखिल, आयटीवाला.

मी डायनिंग टेबलावर नकाशा पसरला आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "जग मोकळं आहे. कुठं जायचं?"

तिघंही नकाशावर वाकले. 

"तू सांग ना," रश्मी म्हणाली.

"मी नाही सांगणार. तुम्ही ठरवायचं."

"उत्तरेले काय आहे?" निखिलनं विचारलं.

"जाऊन बघा."

"दक्षिणेले?"

"जाऊन बघा."

"अबे, रिव्ह्यू तरी दाखव ना!"

अख्खी दुपार तिघं नकाशातल्या एका धर्मशाळेच्या ओसरीवर वाद घालत बसले. शेवटी एकमतानं निर्णय झाला. जेवायचं आणि झोपायचं.

मी दोन महिने घालून रचलेल्या जगात त्या दिवशी एवढंच घडलं. तिघांनी वरण-भात खाल्ला!

*

नकाशातल्या मोठ्या डोंगरात मी एक राक्षस ठेवला होता. त्याला मारायला मुलखातले शूर वीर येत. मोहितनं काय केलं? डोंगराच्या पायथ्याशी दुकान टाकलं. दोर, खिळे, कुदळी, कंदील.

"अबे मोहित, सहा दिवस दुकानातच बसतोस. इथं तरी तलवार घे!" निखिल म्हणाला.

"घेतो ना. होलसेलमध्ये कुठं भेटते?"

सगळे हसले. मोहितही हसला. पण दुकान त्यानं बंद केलं नाही. येणारा प्रत्येक वीर त्याच्याकडून दोर घेऊन वर जायचा, आणि हा खाली बसून वाट बघायचा.

एकदा तो जाताना पायरीवर बूट घालत होता, तेव्हा मी विचारलं, "काहून बे? एकदा तरी वर जाऊन बघ ना."

"दुसरं काही करून पाहिलंच नाही गा मी. चुकलं तर?"

"चुकलं तर नवा माणूस घ्यायचा. पहिल्यापासून खेळायचं."

मोहितनं लेस बांधली. "असं तुमच्या खेळात असते," म्हणाला आणि गाडीला किक मारली.

*

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एका रविवारी थेट आत आले. फ्लॅटमध्ये जुगार चालतो अशी तक्रार आली म्हणे. टेबलावर फासेच फासे.

"हे काय चालू आहे?"

मोहित पटकन उठला. "काका, पैशाचा संबंध नाही. एक रुपया लावत नाही कोणी."

सेक्रेटरींनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. आम्ही तिघं पस्तिशीच्या पुढचे, चौथी रश्मी, डॉक्टर.

"जुगार असता तर समजलो असतो!" म्हणाले आणि दार ओढून निघून गेले.

*

रश्मीचं पात्र म्हणजे एक तलवारवाली बाई. अट एकच: तिला ना आई, ना बाप, ना सासर. कोणीच नाही.

खेळ रंगावा म्हणून मी एकदा तिची हरवलेली मावशी शोधून आणली. म्हातारी, आजारी, भाचीला बघून रडणारी. मला वाटलं, आता रश्मीचे डोळे भरतील. रश्मीनं मावशीला त्याच पाळीत नावेत बसवलं आणि पलीकडच्या मुलखात पाठवून दिलं!

"अवं, मावशी आहे ती तुझी!" मोहित म्हणाला.

"मावशी आली म्हणजे उद्या तिचा डबा, परवा तिच्या गुडघ्याचं औषध. माझी बाई एकटी बरी आहे."

घरी ती क्लिनिकमध्ये काम आहे असं सांगून यायची. एका रविवारी क्लिनिक बंद बघून तिचा नवराच पत्ता काढत तिला न्यायला आला. माणूस वाईट नाही. खुर्ची घेऊन बसला, जरा वेळ बघितलं, मग मला विचारलं, "यात जिंकतं कोण?"

"कोणीच नाही."

"मग संपतं कधी?"

"संपत नाही."

तो रश्मीकडे वळला. "मग घरी काय वेगळं आहे?"

तो खरंच विचारत होता. रश्मीनं फासे हळूच डब्यात टाकले.

पुढच्या रविवारी ग्रुपवर तिचा मेसेज आला, "घरी पाहुणे आहेत." ते पाहुणे अजून गेलेले नाहीत.

*

निखिलचा माणूस राजाच्या कोठाराचा पहारेकरी होता. इमानदार. चोरांनी लाच देऊ केली, नाही घेतली. राजानं पगार थकवला, तरी हा भाला धरून उभा. मी किती आमिषं दाखवली! निखिल म्हणायचा, "कंपनी सोडायची नसते बे."

एका रविवारी खेळता खेळता त्याचा फोन वाजला. मेल होता. त्यानं वाचला, फोन उलटा करून ठेवला.

"माझी पाळी आहे का?"

"हो."

"माझा माणूस भाला भिंतीला टेकवतो आणि चालायला लागतो."

"कुठं?"

"ते नाही ठरवलं."

मोहितनं टाळ्या वाजवल्या. मी पण खूश. म्हटलं, शेवटी एकानं तरी काहीतरी ठरवलं! पाव भाजी मागवली. निखिलनंही खाल्ली.

त्या मेलमध्ये काय होतं ते आम्हाला आठवड्यानं दुसऱ्याकडून कळलं. अकरा वर्षांची नोकरी, आणि काढलं ते सुट्टीच्या दिवशी.

*

निखिलला मग जर्मनीत काम मिळालं. गेला. तिकडून एकदा फोन आला, तो माझी चौकशी करायला नव्हता. "बाबा घरी एकटेच बसून असतात रे. त्यांना रविवारी बोलवत जा ना. तेवढाच त्यांचा टाइमपास." तू त्यांना फोन करतोस का, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण लाईन कट झाली.

निखिलचे बाबा, म्हणजे आमचे काका, मूळचे पारशिवनी गावचे, रिटायर्ड माणूस. काकू जाऊन वर्ष होत आलेलं. आले, चष्मा लावला, सगळं नीट समजून घेतलं.

"कुठंही जाता येते म्हणता?"

"कुठंही काका. डोंगर, समुद्र, राजाचा महाल. जग मोकळं आहे."

"मंग मी घरी जातो."

मोहित त्यांना सोडायला म्हणून गाडीची चावी घेऊन उठला.

"तू बस गा," काका म्हणाले. "याच्यात म्हणून राहिलो मी. या नकाशात. माझा माणूस घरी जाते."

"बरं," मी म्हणालो. "तुमचा माणूस घरी पोचला. संध्याकाळ झालीय. दार नुसतं लोटलेलं आहे."

"घरात कोण आहे?"

जगाबद्दल विचारलं की मास्टरनं उत्तर द्यायचं, हाच खेळ. मोहित माझ्याकडे बघत होता.

"स्वयंपाकघरात दिवा आहे," मी म्हणालो. "आतून भांड्यांचा आवाज येऊन राहिला."

 मी फासे काकांपुढे सरकवले. त्यांनी ते परत माझ्याकडे सारले.

"नको. मी आत जात नाही. दारातच उभा राहतो."

"आणि मग?"

"मंग काही नाही. उभा आहे."

पुढच्या रविवारी काका परत आले. खुर्ची ओढली, चष्मा पुसला.

"मी दारातच आहे ना?"

"हो काका. दारातच."

"अन् आवाज?"

"येऊन राहिला."

"बरं," काका म्हणाले. "चालू द्या तुमचं."